सेनेकाचं वाक्य आणि ऑगस्टीनची दुरुस्ती

प्रश्न असा आहे: पहिल्या शतकातला रोमन तत्त्वज्ञ सेनेका याची पत्रं वाचताना एक्केचाळिसाव्या पत्रात 'देव तुझ्याजवळ आहे, तुझ्यासोबत आहे, तुझ्या आत आहे' हे वाक्य भेटलं आणि आपण नवा करार तर वाचत नाही ना, असं वाटलं. मग सुरुवातीचा ख्रिस्ती विचार रोमन स्टोइकांकडून, म्हणजे विवेकाने जगावं आणि भावनांच्या आहारी जाऊ नये असं शिकवणाऱ्या सेनेकाच्या पंथाकडून, उचललेला आहे का? सेनेका आणि ख्रिस्ती प्रेषित पौल यांचा पत्रव्यवहार होता हे खरं का? आणि या विषयाचं वाचन कुठून सुरू करावं?

मी गेली सव्वीस वर्षं लॅटिन आणि रोमन तत्त्वज्ञान शिकवतो आहे. हे तीन प्रश्न दरवर्षी वर्गात येतात आणि बहुतेक वेळा याच क्रमाने येतात. उत्तर जरा लांबेल.

पत्रांचं आधी सांगतो, कारण ते लवकर उरकण्यासारखं आहे. सेनेका आणि पौल यांच्या नावावर चौदा पत्रं आहेत, आठ सेनेकाची आणि सहा पौलाची. ती बनावट आहेत. चौथ्या शतकात कुणीतरी ती रचली. सेनेकाचं लॅटिन ज्याने थोडंसं जरी वाचलं असेल त्याला पहिल्या पानावरच कळतं की हा हात त्याचा नव्हे. एका पत्रात तर सेनेका पौलाला शब्दसंपत्ती वाढवण्यासाठी एक पुस्तक पाठवतो! तरीही बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमसारख्या विद्वानाने इ.स. ३९२-९३च्या सुमारास ख्रिस्ती लेखकांची चरित्रं लिहिताना या पत्रांच्या आधारावर सेनेकाला त्यांच्यात जागा दिली. मध्ययुगात शेकडो हस्तलिखितांतून ही पत्रं फिरली. सोळाव्या शतकात डच विद्वान इरॅस्मसने ती खोटी असल्याचं ठणकावून सांगितलं.

दोघांना जोडणारा एक धागा मात्र खरा आहे, आणि तो मला बनावट पत्रांपेक्षा कितीतरी अधिक रोमांचक वाटतो. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात करिंथमधले काही यहुदी पौलाला पकडून अखया प्रांताच्या सुभेदारापुढे उभं करतात. सुभेदार म्हणतो, हा तुमच्या शब्दांचा, नावांचा आणि तुमच्या नियमशास्त्राचा वाद आहे, तो तुमचा तुम्ही पाहा, आणि सगळ्यांना न्यायासनापुढून हाकलून देतो. हा सुभेदार म्हणजे गल्लियो, सेनेकाचा थोरला भाऊ. साल साधारण इ.स. ५१-५२. सेनेकाने 'क्रोधाविषयी' हा ग्रंथ याच भावाला उद्देशून लिहिला होता. तेव्हा भावाचं नाव नोव्हॅटस होतं, दत्तक गेल्यावर ते गल्लियो झालं. म्हणजे राग कसा आवरावा हे ज्याला उद्देशून लिहिलं गेलं, तोच माणूस पुढे पौलासमोर न्यायाधीश म्हणून बसला. ग्रंथाचं नाव लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता मुख्य प्रश्न. तुम्ही दिलेलं वाक्य खरोखर सुंदर आहे, पण त्याच्या अलीकडची ओळही वाचा. सेनेका म्हणतो, आकाशाकडे हात उंचावायला नकोत, मूर्तीच्या कानाशी जाऊ दे म्हणून देवळाच्या रखवालदाराची मनधरणी करायला नको. का नको? कारण स्टोइकांचा देव म्हणजे सगळ्या विश्वात भरून राहिलेली विवेकशक्ती. ती द्रव्यातच मुरलेली आहे, आणि माणसाची बुद्धी हा तिचाच अंश. या देवाने जग शून्यातून निर्माण केलेलं नाही, तो कुणाला शोधत येत नाही, कुणासाठी मरत नाही. पौल जेव्हा 'तुमच्या ठायी वसणारा आत्मा' म्हणतो तेव्हा तो आत्मा बाहेरून दिलेला आहे, दान आहे. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली तर जुळी वाटतात. त्यांच्यामागचे देव मात्र अगदी निराळे आहेत.

म्हणून विद्यार्थ्यांना मी एक नियम सांगतो: साम्य दिसलं की हुरळून जाऊ नका. त्या काळात शहाणपणाची भाषाच स्टोइकांची होती. बाजारातला वक्ता, शाळामास्तर, दरबारी, सगळे तीच बोलत. एकोणिसाव्या शतकात ब्रूनो बाउअर या जर्मन अभ्यासकाने अशा साम्यांच्या जोरावर ख्रिस्ती धर्माची मुळं सेनेकात आहेत असं मांडलं होतं. ते टिकलं नाही. प्रभाव सिद्ध करायचा तर ख्रिस्ती लेखकाने रोमन लेखकाचं वाक्य समोर ठेवून त्यातला एखादा शब्द कुठे बदलला ते शोधावं लागतं. जिथे दुरुस्ती सापडते, तिथे त्याने ते वाक्य वाचलं होतं, मान्य केलं होतं आणि त्याला ते टोचलंही होतं, हे तिन्ही एकदम कळतं.

पौलाच्या बाबतीत अशी जागा एकच स्पष्ट आहे. अथेन्समध्ये एपिक्युरियन आणि स्टोइक तत्त्वज्ञांपुढे बोलताना तो म्हणतो, 'तुमच्याच कवींनी म्हटल्याप्रमाणे आपण त्याचा वंश आहोत.' ही ओळ अरॅटस या ग्रीक कवीच्या खगोलकाव्यातली. अरॅटस किलिकियातल्या सोली गावचा, म्हणजे तार्ससच्या पौलाच्याच मुलुखातला. त्याचं ते खगोलकाव्य रोमन लोकांत इतकं लोकप्रिय होतं की रोमन वक्ता आणि विचारवंत सिसेरोने तरुणपणी त्याचा लॅटिन अनुवाद केला होता. मूळ ओळीतला 'तो' म्हणजे झ्यूस. पौलाने ओळ तशीच ठेवून 'तो' बदलला. श्रोते ऐकत राहिले. मग त्याने मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचा उल्लेख केला आणि काही जण हसू लागले. ते नेमके कुठे हसले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आत्म्याच्या अमरत्वावर कदाचित कुणी हसलं नसतं. देह परत उठणार म्हटल्यावर हसले.

योहानाच्या शुभवर्तमानाचं पहिलं वाक्य मराठी वाचकाला एका वेगळ्या कारणाने अवघड जातं. 'प्रारंभी शब्द होता' असं आपल्या बायबलमध्ये आहे, आणि 'शब्द' वाचताच आपल्या मनात शब्दब्रह्म जागं होतं. मूळ ग्रीकमध्ये तिथे 'लोगोस' आहे. लोगोस म्हणजे शब्दही आणि विवेकही, बोलणंही आणि त्या बोलण्यामागची संगती, हिशेबसुद्धा. स्टोइकांसाठी विश्व चालवणारी बुद्धी म्हणजे लोगोस. योहानाने तो शब्द थेट स्टोइकांकडून घेतला असं मी म्हणणार नाही. यहुदी शास्त्रात 'देवाचं वचन' आहे, आणि अलेक्झांड्रियाच्या फायलो या यहुदी तत्त्ववेत्त्याने आधीच दोन्हींची सांगड घातली होती. पण वाचणारे तो शब्द त्याच्या सगळ्या अर्थांसकट वाचत होते, आणि याचा पुरेपूर उपयोग जस्टिनने केला.

जस्टिन हा दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक, पॅलेस्टाइनमधल्या आजच्या नाब्लुसचा. सत्य शोधत तो एकेका गुरूकडे गेला. स्टोइक गुरूला देवाविषयी काही सांगता येईना, ॲरिस्टॉटलपंथी गुरूने फीचा विषय काढला, पायथागोरसपंथी म्हणाला आधी संगीत, खगोल आणि भूमिती शिकून ये. प्लेटोपंथीयापाशी तो रमला आणि तिथून ख्रिस्ती झाला. पण अंगावरचा तत्त्वज्ञाचा झगा त्याने उतरवला नाही. रोममध्ये त्याने शिकवायला सुरुवात केली, आणि त्याचं म्हणणं असं होतं की लोगोसचं बीज प्रत्येक माणसात पेरलेलं आहे. जे विवेकानुसार जगले, सॉक्रेटिस असो की हेरॅक्लायटस, ते ख्रिस्तीच. 'बीजरूप लोगोस' ही कल्पना स्टोइकांची. दुरुस्ती अशी की त्यांना बीज मिळालं, संपूर्ण लोगोस देह धारण करून आला तो ख्रिस्त.

इ.स. १६५च्या सुमारास जस्टिनला रोममध्ये सहा सोबत्यांसह मृत्युदंड झाला. शिक्षा सुनावणारा शहराचा प्रमुख अधिकारी जूनियस रस्टिकस. हा रस्टिकस साधा नोकरशहा नव्हता. सम्राट मार्कस ऑरेलियस आपल्या चिंतनवहीच्या पहिल्याच भागात कृतज्ञतेने लिहितो की एपिक्टेटसच्या प्रवचनांची ओळख मला रस्टिकसने करून दिली, स्वतःजवळची प्रत दिली. एकेकाळी गुलाम असलेल्या स्टोइकाची प्रवचनं सम्राटाच्या हाती देणारा माणूस, आणि 'सॉक्रेटिसही आमचाच' म्हणणाऱ्याला मृत्यूकडे पाठवणारा माणूस एकच. हा प्रसंग शिकवताना मी दरवेळी थोडा थांबतो. विचारांचा शेजार म्हणजे मैत्री असं धरून चालणाऱ्यांनी तो जरूर लक्षात घ्यावा.

आता सिसेरो. स्टोइकांविषयी बोलताना लोक त्याला विसरतात, पण लॅटिन ख्रिस्ती जगावर त्याच्याइतका प्रभाव दुसऱ्या कुणाही रोमनाचा नाही. इ.स.पू. ४४मध्ये, सीझरच्या खुनानंतरच्या धामधुमीत, त्याने अथेन्समध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी 'कर्तव्यांविषयी' हा ग्रंथ तीन भागांत लिहिला: उचित काय, उपयुक्त काय, आणि दोहोंचा संघर्ष झाला तर काय. पुढच्या वर्षी त्याचाच खून झाला. सव्वाचारशेहून अधिक वर्षांनी, इ.स. ३९०च्या आसपास, मिलानचा बिशप अँब्रोज याने त्याच नावाचा, त्याच तीन भागांचा ग्रंथ लिहिला. सिसेरोने मुलासाठी लिहिलं तसं मी माझ्या मुलांसाठी, म्हणजे धर्मसेवकांसाठी लिहितो, असं तो उघड सांगतो. रोमन सेनापतींच्या जागी अब्राहाम, योसेफ, दावीद येतात. विवेक, न्याय, धैर्य आणि संयम या चार सद्गुणांची चौकट तशीच राहते.

वर्गात मी फळ्याचे दोन भाग करतो, डावीकडे सिसेरो आणि उजवीकडे अँब्रोज. सिसेरो म्हणतो, न्यायाचं पहिलं काम असं की कुणी कुणाला इजा करू नये, जोवर समोरच्याने आगळीक केलेली नाही तोवर. अँब्रोज म्हणतो, ही शेवटची सवलत शुभवर्तमानाने काढून घेतली आहे. सिसेरो म्हणतो, न्यायाचं दुसरं काम असं की सामायिक वस्तू सामायिक म्हणून वापराव्यात, खासगी वस्तू आपल्या म्हणून. अँब्रोज उत्तर देतो: निसर्गाने सामायिक हक्क निर्माण केला, खासगी हक्क बळकावण्यातून आला. इथे सिसेरोवर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो, निसर्गतः कुठलीच गोष्ट खासगी नसते हे त्यानेही त्याच ठिकाणी लिहिलं आहे. फरक असा की त्याला जुना ताबा पुरेसा वाटतो, अँब्रोजला वाटत नाही.

तिसऱ्या भागात जहाज फुटल्याचा प्रश्न येतो. लाटांत एक फळी आहे आणि माणसं दोन. दोघेही शहाणे असतील तर? सिसेरो ज्या स्टोइकाचा दाखला देतो, त्याचं उत्तर असं की ज्याच्या जगण्याला स्वतःसाठी किंवा राज्यासाठी अधिक मोल आहे, त्याला दुसऱ्याने फळी सोडावी. अँब्रोज तो हिशेबच बाजूला सारतो. दुसऱ्याचा जीव घेऊन ख्रिस्ती माणसाने आपला जीव वाचवू नये. सशस्त्र दरोडेखोर अंगावर आला तरी त्याला उलट वार करता येत नाही. हे तुम्हाला पटो न पटो. पण इथे उसनवारी आणि बंडखोरी एकाच ओळीत दिसते. याच माणसाने युद्धकैद्यांना सोडवण्यासाठी चर्चची पवित्र भांडी वितळवली, आणि टीका झाली तेव्हा आपल्या याच पुस्तकात त्याचं समर्थन केलं.

आता 'क्रोधाविषयी'कडे परत येऊ. माझ्या मते सगळ्यात खोल परिणाम इथे झाला.

सेनेकापुढे अडचण अशी होती. स्टोइकांच्या मते शहाण्या माणसाला राग, भय, शोक होत नाहीत, कारण भावना म्हणजे चुकीचा निर्णय. मग वीज कडाडली की शहाणाही का दचकतो? सेनेका दुसऱ्या खंडात पायऱ्या पाडतो. पहिली हालचाल आपोआप होते: अंगावर काटा येतो, चेहरा उतरतो, लाज वाटून कान तापतात. ही भावना नव्हे, तिची नुसती चाहूल. मग मन तिला होकार देतं, किंवा देत नाही. होकार दिला, आणि मग लगाम सुटला, की तो राग. समुद्रप्रवासातली एक गोष्ट ऑलस गेलियस या रोमन लेखकाने लिहून ठेवली आहे: वादळात एक स्टोइक तत्त्वज्ञ पांढराफटक पडला, आणि नंतर कुणी विचारलं तेव्हा त्याने पिशवीतून एपिक्टेटसचं पुस्तक काढून हेच समजावलं. चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती बिशप ऑगस्टीन याने 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या नवव्या खंडात ती गोष्ट पुन्हा सांगितली आहे.

ही 'पहिली हालचाल' ख्रिस्ती लेखकांना फार उपयोगी पडली, कारण त्यांच्यापुढे दोन अवघड ओळी होत्या. एक, येशूचं डोंगरावरचं प्रवचन: वासनेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच. मग मनात नुसता विचार डोकावला तर ते पाप झालं का? दुसरी, अटकेआधी गेथशेमाने बागेत येशू 'खिन्न व व्याकूळ होऊ लागला'. देवपुत्राला शोक कसा? तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान, अलेक्झांड्रियाचा ओरिजेन आणि त्याच्यामागून जेरोम 'होऊ लागला' या शब्दांवर बोट ठेवतात. शोक करणं वेगळं आणि शोक सुरू होणं वेगळं, असं जेरोम लिहितो. येशूला ती फक्त पहिली हालचाल झाली, असं त्याचं म्हणणं. स्टोइकांचं हत्यार वापरून बायबलची गाठ सोडवलेली आहे.

इजिप्तच्या वाळवंटात हीच कल्पना साधनेत उतरली. इ.स. ३९९मध्ये वारलेला इव्हाग्रियस हा संन्यासी आठ 'विचार' मोजतो: खादाडपणा, वासना, लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, बडेजाव, गर्व. हे विचार मनाला त्रास देतात की नाही हे आपल्या हाती नाही, पण ते मुक्काम करतात की नाही हे आपल्या हाती आहे, असं तो लिहितो. हे वाक्य वाचताना मला दरवेळी सेनेका आठवतो, जरी इव्हाग्रियसकडे ही कल्पना ग्रीक स्टोइकांकडून ओरिजेनच्या मार्गाने आली. कॅसियन या साधूने ही यादी लॅटिनमध्ये आणली, पोप ग्रेगरीने सहाव्या शतकाच्या अखेरीस तिची फेरमांडणी केली, आणि त्यातून सात महापापांची यादी उभी राहिली. स्टोइकांसाठी पहिली हालचाल ही शरीराची आपसूक थरथर होती. साधूंच्या हाती तिचा मोह झाला, ज्याला परतवायचं असतं. मूळ कल्पनेत हा धाक नव्हता, आणि या बदलाने काही हरवलं असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

ऑगस्टीनला जेरोमची पळवाट मान्य नव्हती. येशू आपला मित्र लाजर याच्या कबरीपाशी रडला, तो खराच रडला, असं ऑगस्टीन 'देवाचे नगर'च्या चौदाव्या खंडात सांगतो. भावना असणं हा रोग नाही. प्रेम कशावर आहे त्यावरून भावना चांगली की वाईट ते ठरतं. आणि इथेच ती दुरुस्ती येते जिच्यासाठी मी या उत्तराला हे नाव दिलं.

इ.स. ५५-५६मध्ये सेनेकाने अठरा वर्षांच्या सम्राट नीरोसाठी 'क्षमाशीलतेविषयी' ग्रंथ लिहिला. त्यात तो क्षमाशीलतेला सद्गुण म्हणतो आणि करुणेला दुबळ्या मनाचा दोष. शहाणा माणूस बुडणाऱ्याला हात देईल, परागंदा झालेल्याला आसरा देईल, गरजूला पैसे देईल, दुसऱ्याचे अश्रू थांबवेल, पण स्वतः त्यांत आपले मिसळणार नाही. कृती सगळी आहे, काळजाचं हलणं तेवढं नको. करुणेसाठीचा लॅटिन शब्द 'मिझेरिकॉर्डिया'. त्यात 'दुःखी' आणि 'हृदय' असे दोन्ही शब्द आहेत, आणि सेनेकाला आक्षेप त्या हृदयावरच आहे.

ऑगस्टीन नवव्या खंडात विचारतो: करुणा म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाने आपल्या हृदयात उठणारी अशी कणव, जी शक्य असेल तर मदत करायला भाग पाडते; हिच्यात दोष कुठे आहे? आणि बाजू मांडायला तो बायबलऐवजी सिसेरोला बोलावतो. सिसेरोने सीझरला म्हटलं होतं की तुझ्या गुणांत करुणेहून अधिक स्तुत्य असं काही नाही. स्टोइकांना त्याने रोमन साक्षीदारच दिला! मराठी बायबलमध्ये लोकसमुदायाला पाहून येशूला 'कळवळा आला' असं आहे. सेनेकाच्या शहाण्या माणसाला जे होऊ नये, ते हेच, कळवळा.

टर्टुलियन या सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकाचं 'अथेन्सचा जेरुसलेमशी काय संबंध?' हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकालच. ते खरं आहे, पण तोच टर्टुलियन आत्मा शरीरधारी आहे हे सिद्ध करायला स्टोइकांचे युक्तिवाद वापरतो आणि 'सेनेका, जो पुष्कळदा आपलाच असतो' असंही लिहितो. जेरोमला स्वप्नात न्यायासनापुढे 'तू ख्रिस्ती नाहीस, सिसेरोपंथी आहेस' असं ऐकावं लागलं. ऑगस्टीन एकोणिसाव्या वर्षी सिसेरोचा 'होर्टेन्शियस' वाचून पेटून उठला. तो ग्रंथ आज हरवला आहे. सिसेरोचा राज्यावरचा ग्रंथही शतकानुशतकं हरवलेला होता. त्यातला नैसर्गिक कायद्यावरचा प्रसिद्ध उतारा लॅक्टॅन्शियस या ख्रिस्ती लेखकाने उद्धृत केला म्हणून वाचला. पुढे १८१९मध्ये व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आंजेलो माई यांना एका चर्मपत्रावर ऑगस्टीनच्या स्तोत्र-विवरणाखाली खरवडून पुसलेली सिसेरोची अक्षरं दिसली. ग्रंथाचा मोठा भाग असा परत मिळाला.

वाचन कुठून सुरू करावं? सेनेकाची पत्रं हातात आहेतच, ती चालू ठेवा. सत्तेचाळिसावं पत्र, गुलामांविषयीचं, सोडू नका. मग 'क्रोधाविषयी'च्या दुसऱ्या खंडाची पहिली चार प्रकरणं वाचा, पंधरा मिनिटांचं काम आहे. त्यानंतर 'देवाचे नगर'मधल्या नवव्या खंडाची फक्त चौथी आणि पाचवी प्रकरणं. संपूर्ण ग्रंथाला आत्ताच हात घालू नका, बावीस खंड आहेत, दमायला होतं. अँब्रोज शेवटी घ्या, आणि शेजारी सिसेरो उघडा ठेवल्याशिवाय घेऊ नका. पेन्सिल हातात असू द्या आणि जिथे शब्द बदलला आहे तिथे खूण करत जा.